खडीतली वांगी

जगात आजवर जेवढे म्हणून शेतकरी होऊन गेले, त्यांत मातीचा मनापासून तिटकारा असलेला शेतकरी एकच झाला असेल, आणि तो माझा साडू होता. सुरतेच्या बमरोली भागात दोन खोल्यांच्या एका भाड्याच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे गावाकडे ज्याला आपण गच्ची म्हणतो तिथे, त्यांनी वांगी, टोमॅटो, मेथी, कोथिंबीर असे सगळे पिकवले. पण त्या शेतात चिमूटभर माती सापडली असती, तर ताटात केस सापडावा तशी त्यांनी ती दोन बोटांनी उचलून बाहेर टाकली असती. पीक उभे असे ते खडीत. मिलमधले रंगाचे रिकामे ड्रम आडवे कापायचे, आठ वेळा धुवायचे, त्यांत बारीक खडी आणि विटांचा चुरा भरायचा, आणि झाडांना खायला घालायचे ते दोन डब्यांतली कोरडी पांढरी पावडर. ही पावडर ते स्वतः बनवत. दर रविवारी सकाळी. आणि तो सोहळा पाहण्याचा मान सबंध सुरत शहरात मला एकट्याला होता, कारण रविवारी दुसरे कोणी त्यांच्याकडे जातच नसे.

माझी बायको त्यांना दाजी म्हणे, म्हणून मीही दाजी म्हणत असे. ते मला गुरुजी म्हणत, कारण मी मराठी शाळेत शिकवत होतो. दाजी पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलच्या प्रयोगशाळेत रंग मोजायच्या कामाला होते. कापडाच्या तुकड्यावर जी छटा उमटली ती हजार मीटरवर तशीच उमटली पाहिजे, आणि त्यासाठी रंग गुंजभरही इकडेतिकडे होता कामा नये, हे काम त्यांनी पंचवीस वर्षे केले. आणि पंचवीस वर्षांत ते त्यांच्या हाडात मुरले. आमटीत मीठ ते तराजूने घालत. चहात साखर सात ग्रॅम. दिवाळीत आमच्या घरी आले की बायको विचारायची, ‘दाजी, शंकरपाळे किती वाढू?’ आणि बाकीची माणसे जिथे ‘थोडे’ म्हणतात तिथे दाजी म्हणायचे, ‘साठ ग्रॅम.’ ती बिचारी मुठीने वाढायची. दाजी सगळे खायचे, आणि जिन्यात मला हळूच सांगायचे, ‘अडुसष्ट होते.’ अंदाज हा शब्द त्यांना शिवीसारखा लागे. मी एकदा सहज म्हणालो, ‘अंदाजे पाच वाजले असतील.’ त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की त्या दिवसापासून मी त्यांच्या घरी घड्याळ घालून जाऊ लागलो.

या शेतीचे मूळ होते माझी मेहुणी, म्हणजे ताई. ती अमळनेरकडची, वाढली वांग्याच्या वाफ्यांत. मूलबाळ झाले नाही. दाजी दिवसभर मिलमध्ये आणि ती दोन खोल्यांत. तिने एकदा घरमालकाला विचारले की धाब्यावर चार कुंड्या ठेवू का, भरताची दोन वांगी लावीन म्हणते. घरमालक माणूस चांगला होता, पण स्लॅब गळण्याची त्याला भयंकर धास्ती. तो म्हणाला, ‘बेन, माती नको. माती पाणी धरून ठेवते.’ ताई खट्टू झाली. पुढच्या रविवारी दाजींनी जुन्या वस्तूंच्या गुजरी बाजारातून मुखपृष्ठ फाटलेले एक इंग्रजी पुस्तक आणले आणि ताईला म्हणाले, ‘माती लागत नाही. मातीत जे असतं तेवढं मोजून द्यायचं.’ ताई हसून हसून पडली. ‘मग पोटात भाकर तरी कशाला घालता? भाकरीत असतं तेवढं मोजून घ्या,’ असे ती म्हणाल्याचे माझ्या बायकोला अजून आठवते.

पहिल्या खेपेला दाजींनी सगळी मिठे, म्हणजे खताचे क्षार, एकत्र कालवली. पाण्यात टाकल्यावर दुधासारखा पांढरा रंग आला आणि नवराबायको दोघेही खूश झाले. मग तळाशी पांढरा गाळ बसला, झाडे पिवळी पडली आणि मेली. दुसऱ्या खेपेला मात्रा जास्त झाली आणि रोपे करपली. तिसऱ्या खेपेला वांगे लागले. एकच, आणि बोराएवढे. ताईने ते गॅसवर भाजले तेव्हा ते जवळजवळ नाहीसेच झाले. जे उरले त्यात तिने लसूण, मिरची, तेल घालून रीतसर भरीत केले, वाटीत वाढले आणि चमच्याच्या टोकावर अर्धे अर्धे खाल्ले. ‘चव आहे,’ ती म्हणाली. दाजींनी त्यानंतर दोन महिने सुट्टीचे सगळे रविवार त्या पुस्तकात घालवले. पुढची वांगी मुठीएवढी झाली, त्यापुढची चांगली हातभर लांब. पण ती हातभर लांब वांगी झाली तेव्हा ताई काविळीने गेलेली होती.

बायको गेल्यावर साडू या नात्याचे काय होते, ते कुठे लिहिलेले नाही. दोन बहिणींमुळे दोन परकी माणसे एका पंगतीत येतात, आणि त्यातली एक बहीण उठून गेली की त्या माणसांना एकमेकांशी बोलायला विषय उरत नाही. माझी बायको दर रविवारी डबा भरून माझ्या हातात देई आणि ‘दाजींकडे जाऊन या’ म्हणे. मी सायकलवर जाई. खरे सांगायचे तर कर्तव्य म्हणून जाई.

तिथे पोचलो की आधी खिडक्या लावलेल्या. पंखा बंद. मे महिन्यातली सुरत, अंगाला शर्ट चिकटलेला, आणि आत हवेचा कण हलता कामा नये, कारण पावडर उडते. जमिनीवर गेल्या आठवड्याचे वर्तमानपत्र, त्यावर उन्हात वाळवून आणलेली मिठे. एका काचेच्या पेटीत मिलने टाकून दिलेला जुना तराजू. दाजी नाकाला रुमाल बांधून बसलेले. सोरा खलात कुटायचा, ताईच्या मैद्याच्या चाळणीने चाळायचा. हिराकस, मोरचूद, जस्ताचे मीठ, कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर, ही मंडळी इतकी थोडी लागत की चिमटीत दिसत नसत. ती सरळ मोठ्या ढिगात टाकली तर एका झाडाला सगळी मिळतील आणि दुसऱ्याला काहीच नाही. म्हणून ती आधी मूठभर मिठात मिसळायची, ती मूठ दोन मुठींत, त्या दोन चारांत, असे करत करत शेवटी सबंध ढीग. प्रत्येक वेळी कागदाचे चारही कोपरे पन्नास वेळा उचलायचे. मी मोजत असे. एकोणपन्नास कधी झाले नाहीत. कॅल्शियमचे खत तेवढे दुसऱ्या डब्यात, एकटे. सुरतेच्या दमट हवेत ते गुळासारखे पाघळे, म्हणून झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी. मी एकदा विचारले की हेही त्यातच का टाकत नाही. दाजी म्हणाले, ‘दोघी जावा आहेत, गुरुजी. एका घरात नांदतील, पण चूल वेगळी पाहिजे.’ मग एका डब्याची पावडर सकाळी खडीवर भुरभुरायची आणि पाणी द्यायचे, दुसऱ्याची संध्याकाळी.

एका रविवारी मला शिंक आली. मी आवरायचा प्रयत्न केला आणि ती त्यामुळे दुप्पट जोराने आली. कागदावरची बारीक मिठे धुरळ्यासारखी उडाली. दाजींनी रुमालाच्या वरून माझ्याकडे पाहिले, सगळे गोळा करून केरात टाकले, आणि पहिल्यापासून मोजायला बसले. दोन तासांनी काम संपल्यावर त्यांनी पंखा लावला आणि म्हणाले, ‘आलं घातलेला चहा करू का? सर्दी दिसतेय.’

रसायनांच्या दुकानदाराला हे गिऱ्हाईक कळत नसे. त्याने एकदा शेत कुठे आहे म्हणून विचारले, ‘भाई, तमारुं खेतर क्यां छे?’ दाजी म्हणाले, ‘धाबा उपर.’ तेव्हापासून तो प्रत्येक वेळी त्यांना खुर्ची देऊ लागला. वेड्या माणसाला उभे ठेवू नये असे त्याला वाटले असावे. कोणीतरी चौकीत जाऊन सांगितले की हा माणूस घरात सोरा साठवतो, आणि सोऱ्याने फटाके होतात. हवालदार आला. दाजींनी त्याला खाटेवर बसवले, पंखा बंद केला आणि म्हणाले, ‘साहेब, श्वास जपून घ्या. हे बोरॉन आहे.’ तासभर त्यांनी त्याला सोऱ्यापासून मोरचुदापर्यंत सगळे समजावले. हवालदार घामाने निथळत, कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन बाहेर पडला आणि पुन्हा त्या गल्लीत दिसला नाही.

त्यांची एक गोष्ट मला फार खटके. भाजी इतकी होई की एकट्याला संपणे शक्य नव्हते, पण गल्लीत ती ते कुणाला पोचवत नसत. ज्याला पाहिजे त्याने जिना चढून वर यायचे. आणि आले तरी एकदम सगळे देत नसत. ‘मेथी आज न्या. टोमॅटो बुधवारी तयार होईल, बुधवारी या.’ टोमॅटो तर समोर लालभडक दिसत असे. मी याला चिक्कूपणा समजत होतो, आणि बायकोपाशी तसे बोललोही. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, ‘तुम्ही मुलांना शिकवता कसं? दाजींना बुधवारी कुणीतरी यायला हवं असतं.’ पण बुधवारी फार लोक यायचे नाहीत. रंगाच्या ड्रममधली भाजी जांभळी निघते अशी गल्लीत बोलवा होती.

खालच्या मजल्यावर पारोळ्याकडची एक म्हातारी राहायची. तिला सगळे आक्का म्हणत. दोन मुलगे, दोघेही लूमवर. दाजींच्या ड्रममधून पाणी ठिबकून तिच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडले, त्याला दोन वर्षे झाली होती, आणि दोन वर्षे दोघांचे बोलणे बंद होते. दाजींनी दुसऱ्या दिवशी सगळ्या ड्रमखाली पराती लावल्या, पण खाली जाऊन तसे सांगितले नाही. त्यामुळे आक्का परातींबद्दल काही न कळता रागावलेलीच राहिली.

आणि दाजी कुठे जात नसत. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला नाही, गावाकडच्या लग्नांना नाही. ‘यांना पाणी कोण घालणार?’ एवढेच उत्तर. ताई गेल्यापासून त्यांनी सुरतेबाहेर एक रात्र काढली नव्हती.

मग चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात, गणपती उठून चार दिवस होतात न होतात तो, प्लेगची बातमी पसरली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको. मिली बंद, शाळा बंद, औषधाच्या दुकानांपुढे झुंबड, आणि जो तो गाठोडे उचलून गाडी धरायला निघालेला. बायको आणि मुलीला उधना स्टेशनवर बसवून मी सायकल मारत बमरोलीला गेलो. दाजी धाब्यावर होते. वांग्याला जांभळी फुले आलेली.

‘दाजी, चला. गाडीत जागा धरून ठेवलीय.’

‘किती दिवस?’

‘ते आता कोण सांगणार?’

‘मग कसं जमायचं?’ त्यांनी शांतपणे डब्याचे झाकण लावले. ‘माती असती तर चार दिवस धीर धरते. खडीच्या पोटात काही नसतं, गुरुजी. एक दिवस चुकला की संपलं.’

‘माणसं मरताहेत, दाजी.’

‘ऐकलं.’

मला राग आला. मी म्हणालो, ‘ताई असती तर तिनं तुम्हाला ओढत नेलं असतं.’

ते फुलांकडे वळले. मग म्हणाले, ‘ती असती तर मी गेलोच असतो.’

मी त्यांना तिथे सोडून आलो. गाडीत बायकोने एकदाच विचारले, ‘आले नाहीत?’ आणि खिडकीकडे तोंड केले. अमळनेरला आम्ही बारा दिवस होतो. बारा दिवस ती जेवायला वाढताना माझ्याशी बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही याचे मला बरेच वाटत होते, कारण बोलली असती तर मला उत्तर द्यावे लागले असते.

परतल्यावर घर उघडायच्या आधी मी बमरोली गाठली. गल्लीत अजून निम्म्या दारांना कुलपे होती. जिना चढलो तर वरच्या पायरीवर आक्का बसलेली, अंगावर दाजींची शाल, हातात चहाचा कप. मला काही कळेना. तिनेच सांगितले. दोन मुलगे दोन टेंपोंतून निघाले. धाकट्याला वाटले आई थोरल्याच्या टेंपोत आहे आणि थोरल्याला वाटले धाकट्याच्या. म्हातारी दुपारच्या झोपेतून उठली तेव्हा गल्ली रिकामी. संध्याकाळी दाजींना खालून खोकण्याचा आवाज आला. ते दोन भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन खाली गेले, दारात ठेवली आणि म्हणाले, ‘पराती लावल्यात. आता ठिबकत नाही.’ दोन वर्षांनी बोललेले हे पहिले वाक्य.

पाचव्या दिवशी आक्काला ताप भरला. त्या दिवसांत ताप म्हटले की माणसे दार लावून घेत होती.

‘त्यास्नी माले हातगाडीवर टाकं नि दवाखानामा लई गयात,’ आक्का सांगत होती. ‘येकला मानूस गाडी वढत. मधमा येवू देत नव्हतात, तं बाहेर झाडखाले तीन दिन बठेल व्हतात. मलेरिया निंघना. तठलोंग समदं सुकी गयं त्यास्नं.’

मी धाब्यावर गेलो. ड्रमांच्या रांगेत सगळी झाडे उभीच्या उभी वाळली होती. पानांचा कागद झालेला. दाजी एकेक उपटून मुळांना चिकटलेली खडी झटकत होते. माझी चाहूल लागली तसे म्हणाले, ‘या गुरुजी. सगळे बरे आहेत ना?’

मी म्हणालो, ‘आहेत. दाजी, ही झाडं…’

‘तीन दिवस झाले ना. तीन दिवसांत जातातच.’ पुढचे झाड त्यांनी उपटले. त्यांना वाईट वाटले होते की नाही ते मला त्यांच्या तोंडावरून कळले नाही. फक्त खडी झटकताना ते मोजत नव्हते. मीही एक झाड उपटायला घेतले आणि दोघांनी मिळून दुपारपर्यंत धाबा मोकळा केला.

पुढच्या रविवारी दाजी आमच्या घरी आले. न बोलावता. ताई गेल्यानंतर पहिल्यांदाच. बायकोची धांदल उडाली, तिने पुरणाचा घाट घातला. दाजी खुर्चीवर सरळ बसून राहिले. माझ्या मुलीची वही पाहिली, कॅलेंडर पाहिले, पुन्हा वही पाहिली. साडेचार वाजता ते उठले, ‘पाण्याची वेळ झाली’ म्हणाले, दारापर्यंत गेले, आणि थांबले. मग खाली बसले. पाच मिनिटांनी पुन्हा उठले आणि या खेपेला गेले. बायको खिडकीतून ते कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहत होती.

दिवाळीनंतर त्यांनी पुन्हा पेरले, पण दोनच ड्रम. आक्काशी आता गट्टी जमली होती. ती पायरीवर बसून त्यांना नावे ठेवायची आणि ते ऐकून घ्यायचे. ‘दादा, तुम्ही झाडले औषध देतस का जेवन?’ असे तिने विचारले की दाजी खरोखर विचारात पडत. पण वर्षभरात तिच्या मुलांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला घर मिळाले आणि ते आईला घेऊन गेले. टेंपोत या वेळी तिला सर्वांत आधी बसवले. मग मिलमध्ये रंग जुळवायचे संगणकी यंत्र आले. ते यंत्र चुकत नाही, असे दाजींनीच मला कौतुकाने सांगितले. काही महिन्यांत ते निवृत्त झाले, आणि शिरपूरकडचा त्यांचा पुतण्या येऊन त्यांना गावी घेऊन गेला. तराजू त्यांनी आमच्या शाळेला दिला. जाताना त्यांनी बायकोला वाकून नमस्कार करू दिला आणि म्हणाले, ‘रविवारी आता डबा करायला नको.’

शतक संपायला आले होते तेव्हा एका सुट्टीत मी त्यांना भेटायला गेलो. पुतण्या, सून, सगळे चांगले होते. दाजींना ओसरीवर खाट होती, वेळेवर जेवण होते, आणि करायला काही नव्हते. पुतण्या मुठीमुठीने शेतात युरिया फेकत होता आणि पीक तरारून आले होते. दाजी तिकडे पाहत नव्हते. मला म्हणाले, ‘चांगली जमीन आहे. काही सांगायची गरज पडत नाही.’

संध्याकाळी ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. एसटी उशिरा होती. आणि त्या फाट्यावर, टपरीच्या बाकावर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा दाजी आपण होऊन बोलू लागले. ताईला बघायला गेले तेव्हाची गोष्ट सांगितली. तिने साखर घालायला विसरून चहा आणलेला, आणि त्यांनी तसाच पिऊन ‘छान’ म्हटलेले. तिला ते लग्नानंतर आठ वर्षांनी कळले. सांगताना ते हसत होते. त्यांचे दात मी तेव्हा नीट पाहिले. मग दुसरी गोष्ट, मग तिसरी. एवढ्यात गाडी आली.

मी उठलो तसे ते म्हणाले, ‘पाऊण तासानं दुसरी आहे, गुरुजी. रिकामी असते ती.’

माझी दुसऱ्या दिवशी शाळा होती, आणि त्या गाडीने गेलो नसतो तर सुरतेची गाडी चुकली असती. मी म्हणालो, ‘पुढच्या सुट्टीत येतो. चांगले दोन दिवस राहतो.’

‘या,’ ते म्हणाले.

कंडक्टरने घंटी मारली. मी खिडकीतून मागे पाहिले. वाटले होते की ते गावाच्या वाटेला लागले असतील. पण ते पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसले होते, शेजारी आणखी एका माणसासाठी जागा सोडून.